बिनपाठीची बाकं आणि भेटवही

तीर्थरूप मामांना,

भाच्याचा नमस्कार. तो कमरेत वाकून केला आहे असं समजावं. प्रत्यक्षात कमरेत उसण भरल्यामुळे सध्या मी फक्त मानेपर्यंत वाकू शकतो, आणि त्याचं कारण याच पत्रात पुढे येईल.

तुमचा गुडघा कसा आहे? आई म्हणते, डॉक्टरांनी लिहून दिलेला व्यायाम तुम्ही करत नाही, उलट त्या चिठ्ठीतलं शुद्धलेखन सुधारून ती डॉक्टरांना परत पाठवता. मामींच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे ऐकून बरं वाटलं. आता त्यांना घरातली धूळ स्पष्ट दिसते आणि त्याबद्दल तुम्हाला रोज ऐकावं लागतं, हेही कळलं. (दुसऱ्या डोळ्याची घाई करू नका.) इकडे आम्ही सगळे मजेत. धाकटीला एक दात आला आणि आईचा एक पडला, म्हणजे घरातली दातांची एकूण संख्या कायम आहे. माझी मिशी मात्र गेली. लग्नापासून जपलेली होती. तिच्याशिवाय पहिल्या दिवशी घरी आलो तेव्हा हिनं दार अर्धंच उघडलं आणि ‘साहेब घरी नाहीत’ म्हणून लावून घेतलं. आई म्हणाली, आता तू हुबेहूब तुझ्या मामासारखा दिसतोस. (हे मी कौतुक म्हणून धरलं. तुम्हीही तसंच धरावं.)

तर सगळं पहिल्यापासून सांगतो. गेल्या वर्षी आमच्या नगरसभेत छत्र्यांचं प्रकरण झालं ते तुमच्या कानावर आलं असेल. एका आठवड्यात सगळ्या सभासदांकडे एकाच रंगाच्या, एकाच कंपनीच्या नव्या छत्र्या दिसू लागल्या, आणि पुढच्याच आठवड्यात शहरातल्या प्रत्येक इमारतीच्या दाराशी छत्र्यांचा स्टँड असलाच पाहिजे असा ठराव एकमतानं पास झाला. त्या यादीत पोहण्याचा तलावही होता. लोक आधी हसले, मग विचार करू लागले, आणि विचार करू लागल्यावर चिडले. तेव्हा सभापतींनी (तुमचेच जुने विद्यार्थी, तुम्ही त्यांना भागाकारासाठी बाकावर उभं केलं होतं हे ते अजून भाषणात सांगतात) नियम केला की यापुढे कुठल्याही कामासाठी, कुणाच्याही वतीनं, कुणीही सभासदाला भेटलं, तर त्या भेटीची नोंद झाली पाहिजे. त्यासाठी जाडजूड वही आली. तिच्यात रकाने असे: कोण भेटलं, कोणाच्या वतीनं, कशासाठी, कुठे, किती वेळ, काय खाल्लं-प्यायलं, काय दिलं-घेतलं, आणि शेवटी भेटणाऱ्याची सही. मतदानाच्या आधी तोवरच्या सगळ्या नोंदी भर सभेत वाचून दाखवायच्या. आणि ही वही सांभाळायला ‘भेट-नोंद अधिकारी’ म्हणून कचेरीतल्या अकरा कारकुनांमधून मला निवडलं. का निवडलं ते कुणी सांगितलं नाही. माझं अक्षर चांगलं आहे, म्हणून असेल असं मी गृहीत धरलं.

खोली मिळाली ती जिन्याखालची. पूर्वी तिथे झाडू ठेवत. अजूनही ठेवतात, फक्त आता त्यांच्यासोबत मीही असतो. छत उतरतं असल्यामुळे आत येणाऱ्यानं ताठ आत यावं आणि वाकून बसावं, अशी रचना आहे. मी वहीला पानागणिक आकडे घातले, मधून दोरा ओवून वर लाख लावली, टेबलावर दोन पेनं ठेवली आणि वाट बघत बसलो. पहिल्या तीन आठवड्यांत एक नोंद झाली. आमच्या शिपायानं एका सभासदांना गाठून त्यांच्या शर्टाची गुंडी उघडी आहे असं सांगितलं होतं. तो नियमाला धरून वागणारा माणूस, त्यानं येऊन लिहून दिलं. विषय: गुंडी. वेळ: अर्धं मिनिट. कोणाच्या वतीनं: स्वतःच्या.

आता तुम्ही म्हणाल, कुणी भेटतच नसेल. पण मामा, आमच्या व्हरांड्यात तेव्हा मुंगीला वाट मिळत नव्हती. कारण नगरसभेनं शहरासाठी नवी बाकं घ्यायचं ठरवलं होतं: बागेत, बसथांब्यांवर, आणि मुख्य म्हणजे सरकारी दवाखान्याच्या ओसरीवर. बाकं पाठ टेकता येणारी घ्यायची की बिनपाठीची, एवढाच प्रश्न होता. बिनपाठीच्या बाकांचा एक कारखाना आहे, आणि त्या कारखान्याच्या वतीनं एक गृहस्थ शहरात उतरले होते. त्यांचं खरं नाव कार्डावर आहे, पण सगळे त्यांना साखरपेरे म्हणतात. फार गोड माणूस. कुणाच्या मुलाची परीक्षा कधी, कुणाच्या सासूचं काय दुखतं, सगळं तोंडपाठ. त्यांना कुणाशी वाईट बोलताना मी पाहिलं नाही. माझ्या खोलीत डोकावून त्यांनी झाडूंचीसुद्धा चौकशी केली. आणि बघता बघता तीन दिवसांत तीन वेगवेगळ्या पक्षांच्या सभासदांनी तीन भाषणांत सांगितलं की पाठ टेकल्यानं माणूस आळशी होतो आणि आपल्याला ताठ कण्याचा नागरिक घडवायचा आहे. तिघांनीही ‘कण्याचा’च्या जागी ‘कन्येचा’ असं वाचलं, त्यावरून कागद एकाच टाइपरायटरवरचा असणार हे माझ्या लक्षात आलं. (ताठ कन्येचा नागरिक म्हणजे काय, हे मात्र एकानंही विचारलं नाही.)

मी वही घेऊन एकेकाकडे गेलो. सगळे म्हणाले, भेट झालीच नाही. नियमात ‘भेट म्हणजे बैठक’ असं लिहिलं होतं, आणि त्यांच्या मते बैठक म्हणजे बसणं. ते तर उभे होते. खरंच, मी बघितलं तर व्हरांड्यातल्या सगळ्या खुर्च्या भिंतीला उलट्या टेकवून ठेवलेल्या. मी सभापतींकडून दुरुस्ती करून घेतली: उभ्यानं झालेली भेटही भेटच. दुसऱ्या दिवसापासून सगळे चालू लागले. सभासद पुढे, काम घेऊन आलेले बाजूला, अशी मंडळी सकाळपासून व्हरांड्याला फेऱ्या घालायची. मी वही छातीशी धरून मागून. चार दिवसांत माझ्या चपलेचा अंगठा तुटला आणि नोंद शून्य. मग मी चालण्याचीही दुरुस्ती आणली. त्यावर व्हरांडा एकदम रिकामा झाला. मला वाटलं, जिंकलो. हिला घरी येऊन सांगितलंही. ही म्हणाली, उंदीर दिसेनासे झाले म्हणजे गेले असं नसतं, डबा उघडून बघा.

डबा निघाला कचेरीसमोरचं सलून. तिथे तीन खुर्च्या आणि भिंतभर आरसा. आमच्यातले एक वजनदार सभासद आहेत, आवाज इतका मोठा की त्यांना सगळे भोंगासाहेब म्हणतात. त्यांच्या डोक्यावर विमान उतरवावं इतकी मोकळी जागा आहे. तरी हे गृहस्थ दिवसाआड केस कापायला जाताना दिसले तेव्हा मला शंका आली. मीही गेलो. तिसऱ्या खुर्चीत बसलो, दाढी सांगितली आणि ओळखू येऊ नये म्हणून गरम टॉवेल तोंडावर घ्यायला लावला. शेजारच्या खुर्चीत भोंगासाहेब, त्यापलीकडे साखरपेरे. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते. दोघंही आरशात आपापल्या तोंडाकडे बघून बोलत होते. साखरपेरे स्वतःच्या प्रतिबिंबाला म्हणाले की काही लोकांचं मत आहे, बिनपाठीची बाकं शहराला शोभतील. भोंगासाहेब स्वतःच्या प्रतिबिंबाला म्हणाले की काही लोक बरोबर बोलतात, पण बाकावर ज्या सभासदाचं नाव कोरायचं ते पाठीवर कोरलेलं बरं दिसतं. पाठ नसली तर नाव बसायच्या जागेवर येणार, आणि मग लोक नावावर बसणार. इथे मी मनात म्हटलं, आता साखरपेरे अडकले. पण तो माणूस म्हणाला, साहेब, त्याला जनसंपर्क म्हणतात. रोजचा, थेट आणि उबदार. भोंगासाहेबांनी मान डोलावली.

नेमकं तेव्हाच सलूनवाल्यानं माझ्या कानाशी येऊन विचारलं की मिशी ठेवायची की काढायची. मी बोललो असतो तर आवाजावरून ओळखला गेलो असतो. म्हणून मी नुसती मान हलवली. ती नाही म्हणून हलवली होती. त्यानं ती काढायची नाही की ठेवायची नाही, यातला दुसरा अर्थ घेतला. मामा, एक एक करून दोन्ही बाजू जाताना मला कळत होतं, पण कर्तव्य म्हणजे कर्तव्य.

दुसऱ्या दिवशी सलूनवाला आपण होऊन माझ्या खोलीत आला, कपाळ जिन्याला आपटून घेतलं आणि बगलेतून आपली नंबरांची वही काढून टेबलावर ठेवली. कोण कधी आलं, कुठल्या खुर्चीत बसलं, शेजारी कोण होतं, सगळं तारीखवार. त्याला बाकांशी काही देणंघेणं नव्हतं. त्याचं दुःख वेगळं होतं. म्हणाला, “साहेब, नऊ दिवसांत अकरा सभासद पुन्हापुन्हा येतायत. कापायला काही उरलेलं नाही. मी नुसती हवेत कात्री वाजवतोय. कारागिराला हे शोभत नाही.” मी ती वही नियमाप्रमाणे भेटवहीला जोडली, आणि मिशीबद्दल एक अक्षर बोललो नाही. त्यानंच जाता जाता सांगितलं की चेहरा आता जरा उघडा पडलाय.

आता यातली एक गोष्ट हसण्यासारखी नाही, तीही सांगतो. त्याच आठवड्यात एक बाई आल्या. शिवणकाम करतात, गळ्यात टेप तसाच. त्यांच्या यजमानांना पाठीच्या कण्याचा आजार. दर मंगळवारी दवाखान्याच्या ओसरीवर चार-चार तास नंबर लागेपर्यंत बसावं लागतं. तिथली बाकं आत्ताच बिनपाठीची आहेत. बाकांचं वाचलं म्हणून त्या सभासदांना भेटायला आल्या होत्या. सकाळपासून सात दारं झाली, एकालाही वेळ नव्हता (दोघं केस कापायला गेले होते), आणि परत जाताना माझ्या दारावरची ‘भेट’ ही अक्षरं वाचून आत आल्या. मी समजावलं की मी नुसता कारकून, इथे झालेल्या भेटी लिहितात आणि तुमची तर झालीच नाही. त्या म्हणाल्या, “मी चार तास त्यांच्या मागं उभी राहते आणि ते मला टेकून बसतात. त्यांची पाठ मीच आहे. एवढं लिहून घ्या.” मी नियमांची चोपडी चाळली. न झालेली भेट लिहू नये असं तिच्यात कुठे नव्हतं. मी लिहून घेतलं. ‘कोणाच्या वतीनं’ या रकान्यात त्यांनी स्वतः लिहिलं: यजमानांच्या. मग सही केली, टिपकागद लावला आणि गेल्या. 

सभेचा दिवस आला. साखरपेऱ्यांनी नमुना म्हणून बिनपाठीची लांबलचक बाकं सभागृहात आणून ठेवली होती, लोकांनी बघावीत म्हणून. गॅलरी भरलेली. मी उभा राहिलो आणि वाचायला सुरुवात केली. (उघड्या ओठावर वारा लागत होता.) आधी गुंडी वाचली. लोक हसले, आणि ते सभासद उगाच आपल्या छातीकडे बघू लागले. मग सलूनची वही. वाचताना मी आवाज मुद्दाम सपाट ठेवला: भोंगासाहेब, सोमवारी कटिंग, शेजारी साखरपेरे. बुधवारी कटिंग, शेजारी साखरपेरे. शुक्रवारी कटिंग. इथपर्यंत आलो तर अख्खी गॅलरी उठून भोंगासाहेबांच्या डोक्याकडे बघत होती, आणि त्या डोक्यावर वरचा दिवा स्वच्छ पडला होता. विरोधी बाजूचे म्होरके, ज्यांना आम्ही हरकतकाका म्हणतो (ते आभारप्रदर्शनालाही हरकत घेतात), उठून ‘हे चाललंय काय’ असं विचारू लागले. मी पुढची ओळ वाचली. मंगळवार, दाढी, हरकतकाका, शेजारी साखरपेरे. ते खाली बसले.

शेवटी शिवणवाल्या बाईंची नोंद वाचली. बाई गॅलरीत होत्या. सभापतींनी नमुन्याकडे बोट दाखवून सभासदांना सांगितलं की आता बाकं नीट पाहून घ्या. तेव्हा बाई वरूनच म्हणाल्या, “बघायला कशाला? बसायला असतात ती.”

सभापतींनी ते उचलून धरलं. खुर्च्या बाहेर गेल्या, आणि दिवसाचं सगळं कामकाज त्या बाकांवर बसून करायचं ठरलं. चार तास. वही वाचणारा म्हणून मलाही एक टोक मिळालं. (उसण ती हीच.) पहिला तास सगळे ताठ. भोंगासाहेबांनी तर कण्यावर भाषण केलं. दुसऱ्या तासाला लोक गुडघ्यांवर कोपरं टेकू लागले. तिसऱ्या तासाला एक सभासद सांडपाण्याच्या विषयावर बोलायला उभे राहिले ते विषय संपला तरी बसेनात. आणि साडेतीन तासांनी मी वहीतून मान वर केली तर काय बघतो: भोंगासाहेब आणि हरकतकाका, जन्मभर एकमेकांना पाठ दाखवत आलेली माणसं, पाठीला पाठ लावून, डोळे मिटून, एकमेकांच्या आधारानं बसली होती. आमच्या नगरसभेच्या इतिहासात विरोधी पक्षानं दिलेला हा पहिलाच पाठिंबा. त्यांच्या मागोमाग सगळ्यांनीच जोड्या लावल्या. मतदान पुकारलं तेव्हा पाठ असलेल्या बाकांच्या बाजूनं सगळे हात वर गेले. उठताना मात्र पंचाईत झाली, कारण जोडीतला एक उठला की दुसरा आडवा.

बाई खाली आल्या आणि वहीकडे बघून म्हणाल्या की लिहिल्याचं काहीतरी झालं म्हणायचं. मी नुसती मान हलवली. (या वेळी अर्थ बरोबर गेला.) त्यांच्यामागे साखरपेरे उभे होते. मला वाटलं, भांडतील. त्यांनी माझं अभिनंदन केलं, आईच्या दाताची चौकशी केली (त्यांना कसं कळलं देव जाणे), आणि वही पुढे ओढून, सुंदर अक्षरात, एकही रकाना न गाळता नोंद केली. वतीनं: त्याच कारखान्याच्या. विषय: बिनपाठीच्या बाकाला वेगळी बसवता येईल अशी पाठ.

त्यांचं हे उघड वागणं बघून सभापतींना इतकं भरून आलं की त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, वही सुरू व्हायच्या आधीच्या वर्षभरातल्या आपल्या सगळ्या भेटी ते आठवून लिहून देणार, आणि वही येत्या सोमवारी दाराशी टेबलावर ठेवणार, ज्याला वाचायची त्यानं वाचावी. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

असो. पत्र लांबलं. मामींना नमस्कार, गुडघ्याला तेल, आणि तुम्हाला पुन्हा एकदा मानेपर्यंतचा नमस्कार.

तुमचा,
भाचा

ता. क. सभापतींनी शब्द पाळला. काल त्यांनी आठवलेल्या भेटी माझ्याकडे आणून दिल्या. त्यातली तिसरी नोंद मी जशीच्या तशी उतरवतो. कोण भेटलं: गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक. कोणाच्या वतीनं: भाच्याच्या. कशासाठी: भाचा सरळ आहे, अक्षर बरं आहे, नव्या वहीच्या जागेवर त्याला घ्यावा. कुठे: सभापतींच्या अंगणात. वेळ: पाऊण तास (त्यातला अर्धा तास भागाकार). काय खाल्लं-प्यायलं: सरबत. काय दिलं-घेतलं: पपया दोन, पैकी एक पिकलेली. सहीचा रकाना रिकामा आहे. मामा, तो रिकामा ठेवून वही मला सोमवारी दाराशी मांडता येणार नाही. सोबत कागद जोडला आहे, खूण केलेल्या जागी सही करून उलट टपाली पाठवावा. खरं म्हणजे एवढ्यासाठीच पत्र लिहायला घेतलं होतं.

ता. क. दुसरा. पान फाडता येईल का असं मामी विचारतील. येणार नाही. दोरा मीच ओवलाय. ही नोंद वाचल्यावर माझ्या नेमणुकीचा फेरविचार होईल असं सगळे म्हणतात, आणि तो व्हायलाच हवा. मी झाडूंची आवराआवर सुरू केली आहे. तुमचा राग आला होता, पण तुम्ही माझ्यासाठी दुखऱ्या गुडघ्यानं तिथपर्यंत गेलात, त्यावर तो फार वेळ टिकला नाही. सही मात्र करा. शाईनं.

ता. क. तिसरा. आमचे मुख्य कारकून पुढच्या महिन्यात निवृत्त होतायत. त्यांच्या खोलीला दोन खिडक्या आहेत. मी काही म्हणत नाही. सध्या तुमच्या पपईला फळं आहेत का, एवढंच कळवा.